नाशिकला न विचारता

४ जानेवारी १९८८, सोमवार

दादा दरवर्षी मला नव्या सालाची डायरी आणून देतात आणि दरवर्षी मी पंधरा दिवस लिहून ती सोडून देते. यंदा सोडणार नाही, कारण यंदा लिहिण्यासारखं भांडण आहे.

भांडण आमच्या कांदा संघाचे व्यवस्थापक जयराम बोरसे यांच्याशी. संघाची मुख्य कचेरी इथे गंगापूर रोडला, आणि केंद्रं विंचूरला आणि नांदगावला. तिन्ही ठिकाणी एकेक कॉम्प्युटर आलाय. त्यांना जोडणाऱ्या टेलिफोनच्या भाड्याच्या लाइनीही तीन : नाशिक ते विंचूर, नाशिक ते नांदगाव आणि विंचूर ते नांदगाव. विंचूरला लिलाव सकाळी होतो, नांदगावला दुपारी. विंचूरचा भाव वेळेत नांदगावच्या फळ्यावर लागला, तर तिथल्या शेतकऱ्याला आपला कांदा कितीला सोडायचा ते कळतं. एवढ्यासाठी हा सगळा यंत्रांचा पसारा.

हे निरोप कोणत्या वाटेने जायचे ते ठरवणारा प्रोग्रॅम मी लिहिलाय. त्याला मी वाटाड्या म्हणते. आज सकाळी तो तिन्ही मशीनवर चालू झाला. प्रत्येक मशीन आपल्याजवळ एक छोटा तक्ता ठेवतं : अमुक गावाला जायचं तर कोणती लाइन धरायची आणि तिथवर किती टप्पे पडतात. दर थोड्या वेळाने ते आपला तक्ता शेजाऱ्यांना ऐकवतं. शेजारी हिशेब करतो की हा त्या गावापासून एका टप्प्यावर आहे, म्हणजे ह्याच्यामार्गे गेलो तर मला दोन टप्पे पडतील. ज्या वाटेने टप्पे कमी ती वाट धरायची. एखादी लाइन गप्प झाली तर ती खोडून दुसरी शोधायची. बस्स, इतकंच आहे ते.

बोरसे साहेबांना हे समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "पण मॅडम, ठरवतं कोण?"

"प्रत्येक मशीन आपापलं ठरवतं."

"असं कुठं असतं का? सगळं आधी नाशिकला आलं पाहिजे. हेड ऑफिस आहे हे."

मी म्हटलं, "संघ चालवायला हेड ऑफिस लागतं, साहेब. निरोप पोचवायला लागत नाही." त्यावर ते हसले. त्यांचं ते हसू मला मुलाखतीपासून माहीत आहे. तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं होतं, "पगारे म्हणजे नेमके कुठले?" मी दोन्ही वेळा "नाशिकचे" एवढंच सांगितलं. त्यांना हवं ते उत्तर त्यांना ठाऊक होतंच, मग मी कशाला तोंड दुखवू.

शेवटी असं ठरलं की फेब्रुवारीअखेर संचालक मंडळाची सभा आहे, तिथे निकाल लागेल. एक तर विंचूर-नांदगाव लाइन आणि माझा वाटाड्या दोन्ही राहतील, नाही तर ती लाइन टेलिफोन खात्याला परत जाईल आणि सगळे निरोप कायमचे नाशिकमार्गे जातील. माझी कच्ची नोकरीही तेव्हाच पक्की व्हायची आहे. "तोवर तुमचा खेळ चालू द्या," म्हणाले. खेळ म्हणे.

७ जानेवारी

आज मी कचेरीत एकटीच हसत होते. चांदवडच्या अलीकडे कुणीतरी खणताना केबल तोडली आणि आमची नाशिक-नांदगाव लाइन मेली. मला कळलंसुद्धा नाही. बारदानाचा एक निरोप नांदगावला पाठवला होता, तो गेलाही. नंतर बघते तर तो आपला आपण विंचूरला वळून तिथून नांदगावला पोचलेला. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही.

नांदगावचं मशीन गोटीराम सांभाळतो. वजनकाट्यावर होता, तिथून त्याला मशीनवर बसवलं. त्याचा दुपारी फोन आला. "म्याडम, विंचूरचा भाव आज लय लवकर आला. लिलाव उठला अन् लगेच आला. म्या फळ्यावर लिवून बी टाकला. हितं लोकं टकामका बघाया लागले."

विंचूरचा भाव थेट तिसऱ्या लाइनीने गेला होता. नाशिकला फक्त त्याची नक्कल आली.

बोरसे साहेबांचे मेहुणे धोंडीराम शेठ रोज सकाळी येऊन केबिनमध्ये बसतात. कांद्याचे व्यापारी आहेत. आज जाताना माझ्या टेबलाशी थांबले आणि म्हणाले, "काय मॅडम, मशीन फार लवकर उठायला लागलं तुमचं." मला बरं वाटलं. कचेरीतल्या कुणाचं नाही पण निदान बाहेरच्या माणसाचं तरी लक्ष आहे.

१२ जानेवारी

चांदवडची केबल जोडून झाली, तसा साहेबांचा हुकूम आला. विंचूरच्या टोकाला तिसऱ्या लाइनीचा मोडेम, म्हणजे मशीन लाइनीला जोडणारा डबा, बंद ठेवायचा, "गरज पडेल तेव्हाच" चालू करायचा. आणि विंचूरचा भाव नाशिकला आला की आधी त्याचा छापील कागद साहेबांच्या टेबलावर जायचा. त्यांनी मान हलवली की मगच मी तो नांदगावला सोडायचा.

मी विचारलं, "का?"

"चुकीचा भाव गेला तर जबाबदार कोण? तुमचं मशीन?"

"पण भाव विंचूरला लिहिला जातो. तुम्ही इथे बसून तो बरोबर आहे का चूक ते कसं ओळखणार?"

"अनुभव," ते म्हणाले आणि फायलीत डोकं घातलं.

बाहेर येऊन मी चरफडत बसले. संध्याकाळी जेवताना दादांना सगळं सांगितलं. दादा महापालिकेत कारकून होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. मी म्हटलं, त्या माणसाला यंत्राची भीती वाटते, जुन्या लोकांचं असंच असतं. दादा म्हणाले, "तो यंत्राला भीत नाही, विशू." मी म्हटलं, मग कशाला भितो? त्यांनी ताकाचा पेला संपवला आणि म्हणाले, "बघ तूच." दादांना असं अर्धवट बोलायची खोड आहे. मला आत्ता कोडी नकोत.

लाइन बंद केली. विंचूरचं मशीन सांभाळणाऱ्या लताबाईंना फोन करून तसं सांगितलं. पण हे फेब्रुवारीपर्यंतच.

२१ जानेवारी

भाव रोज साहेबांच्या टेबलावर थांबतो. कधी चहा होईपर्यंत, कधी शेठ केबिनमधला फोन आटपून उठेपर्यंत. मी दाराशी जाऊन दोनदा उभी राहते. "येईल हो, येईल," म्हणतात. वाचायला इतका वेळ लागतो तर चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.

घरी वेगळाच तमाशा. आईने एक मुलगा काढलाय, येवल्याला शाळेत मास्तर आहे. काढलाय म्हणजे मामीने नाव सुचवलं इतकंच. मी नाही म्हटलं. विषय संपला असं मला वाटलं होतं.

२५ जानेवारी, सोमवार

आजच्याइतकी लाज मला कधी वाटली नाही.

नांदगावची वीज गेली, तिथलं मशीन बंद पडलं. त्यात काही विशेष नाही. नाशिकच्या मशीनने "नांदगाव गप्प आहे" असं म्हणून निरोप जपून ठेवायला हवे होते. झालं भलतंच. नाशिकने विंचूरला निरोप पाठवला. विंचूरने तो नाशिकला परत केला. नाशिकने पुन्हा विंचूरला. एकामागून एक सगळे निरोप दोघांच्यात टोलवाटोलवीला लागले आणि लाइन इतकी तुंबली की विंचूरचे आजचे भाव इथेही पोचले नाहीत. तक्त्यात नांदगावपर्यंतचे टप्पे वाढत चालले होते. तीन, चार, पाच, सहा, बघता बघता वीसच्या वर. दोन्ही मशीनं एकमेकांना ठामपणे सांगत होती की नांदगावची वाट आहे, जरा लांबची आहे इतकंच. वाट नव्हतीच मुळी.

आजच नेमके दोन संचालक कचेरीत आले होते. बोरसे साहेबांनी त्यांना मुद्दाम माझ्या टेबलापाशी आणलं. "बघा, ह्याला म्हणतात आपापलं ठरवणं," म्हणाले. मी मशीनची वायर उपसली तेव्हा कुठे ते थांबलं. संचालकांपैकी एकाने विचारलं, "पोरी, शिकलीस कुठं?" मी सांगितलं, पुण्याला, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात. त्यांनी नुसतं "हं" केलं. त्या "हं"चा अर्थ मला शाळेपासून पाठ आहे.

साहेब खरे ठरले तर? मी उगाच डोक्यावर बसले असेन तर? एकाने वरून हुकूम द्यायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचं, त्यात निदान असा गोंधळ होत नाही. हे लिहितानासुद्धा राग येतोय, पण मनात आलं ते लिहिलं.

२६ जानेवारी

सुट्टी. झेंडावंदनाला गेले नाही. दिवसभर कागदावर रेघा मारल्या. चूक एवढी सापडली : विंचूरला नांदगावची वाट माहीत होती ती नाशिकमार्गेच. तरी त्याने नाशिकला छाती ठोकून सांगितलं, "मला नांदगाव माहीत आहे," आणि नाशिकने विश्वास ठेवला. कारण तक्त्यात फक्त टप्प्यांचा आकडा जातो, ती बातमी आली कुठून ते जात नाही. रोग कळला. औषध सुचत नाही.

२८ जानेवारी

औषध आईने दिलं आणि तिला ते ठाऊकही नाही.

कचेरीतून आले तर आई पोह्यांची तयारी करून बसलेली, चेहरा उजळलेला. म्हणाली, "येवल्याचं ठरल्यातच जमा आहे गं. रविवारी बघायला येतायत."

"कोण म्हणालं?"

"सुलाबाई म्हणाली." सुलाबाई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत असलेली शेजारीण. "तिला तर पक्कं ठाऊक आहे."

"सुलाबाईला कुणी सांगितलं?"

आईने कोथिंबीर निवडायला घेतली. मग म्हणाली, "मीच म्हणाले होते, मुलगा चांगला आहे, येतील बहुधा बघायला."

"आणि तिने तेच तुला परत सांगितलं. येतील बहुधाचं येतायत झालं."

"पण ती इतकी खात्रीने सांगत होती."

"आई, तुझीच बातमी आहे ती. तिकडून कुणी काही कळवलंय का?"

कुणी काहीच कळवलं नव्हतं. आई खट्टू झाली आणि मी तिथेच भिंतीला टेकून हसत सुटले. तिला वाटलं मी तिला हसतेय. तिला जवळ घेतलं, पोहे खाल्ले, आणि मग वही ओढली.

नियम एका ओळीचा आहे. ज्या शेजाऱ्याकडून एखाद्या गावाची वाट कळली, त्या शेजाऱ्याला त्या गावाची बातमी परत सांगायची नाही. विंचूरला नांदगाव नाशिककडून कळलं असेल तर नाशिकपुढे विंचूरने नांदगावचं नावच काढायचं नाही. आणखी एक गाठ मारून ठेवली : टप्पे सोळावर गेले की ते गाव गेलं असं समजायचं, आणि निरोप जपून ठेवून वाट बघायची. आमची तर तीनच गावं आहेत. सोळा टप्प्यांची वाट कुणी सांगत असेल तर तो थापा मारतोय.

२ फेब्रुवारी

नव्या फ्लॉपी एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती विंचूरला आणि नांदगावला पाठवल्या होत्या. आज गोटीरामला सांगून नांदगावचं मशीन मुद्दाम बंद करायला लावलं. नाशिकने थोडा वेळ वाट पाहिली आणि गप्प निरोप धरून ठेवले. विंचूर अवाक्षर बोललं नाही. गोटीरामने मशीन चालू केलं तसे सगळे निरोप ओळीने निघाले.

मी धावत केबिनमध्ये गेले. साहेब म्हणाले, "छान. आता एक करा. वाटा पक्क्या करून टाका. सगळं नाशिकमार्गे. तक्ता एकदाच लिहायचा, मशीनने तो बदलायचा नाही."

"मग केबल तुटली की?"

"तुटली की जोडतील."

"पण चूक दुरुस्त झालीये, साहेब. बघा तरी."

"पगारे मॅडम, मी कारण देत बसणार नाही. करा."

मी "करते" म्हटलं नाही. "नाही" असंही म्हटलं नाही. नुसती बाहेर आले. स्वतःचाच राग आला.

८ फेब्रुवारी

विंचूर आणि नांदगाव, दोन्ही एका दिवसात केलं. साहेबांना सांगितलं, मशीन तपासायला जाते.

विंचूरला लताबाईंनी मला लिलाव दाखवला. लाल कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, व्यापारी एकेका ट्रॉलीपाशी थांबून कांदा फोडून बघतात आणि बोली चढते. आज भाव चांगला चढला. लताबाईंनी तो माझ्यासमोर मशीनमध्ये घातला. मग मी नांदगावची एस.टी. धरली. मनमाडला गाडी बदलावी लागली, बराच वेळ गेला. तरी मी नांदगावच्या आवारात शिरले तेव्हा फळ्यावर जुनाच भाव. एस.टी.ने आलेली मी पोचले आणि विजेने निघालेला निरोप पोचला नव्हता.

आवारात धोंडीराम शेठचे मुनीम कांदा घेत होते, भराभर. फळ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, हाच भाव, बघा. ठमाबाई नावाच्या एका बाईंची बैलगाडी रिकामी होत होती. मी फळ्यापाशी उभी दिसले म्हणून त्या म्हणाल्या, "ह्या फळ्याचं काय खरं नाय बाई. आमची गाडी रिकामी झाली का मंग ह्याच्यावर भाव चढतो. रोजचंच हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, मशीनला वेळ लागतोय, दुरुस्त करतेय. त्या म्हणाल्या, "कर बाई. पर मशीनला वेळ लागतो तर शेठच्या मानसाला कसा लागत नाय?" मी मनात म्हटलं, बहुतेक मुनीम फार हुशार असावेत.

परत येताना ठरवलं. पक्का तक्ता मी घालणार नाही.

९ फेब्रुवारी

सांगून टाकलं. "साहेब, मी तो तक्ता घालणार नाही. तुम्ही घाला."

"मला येतं का ते?"

"शिकवते. पण माझ्या हाताने होणार नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला. म्हणाले, सभेत बघू, आणि सभेनंतर तुमची नोकरीही बघू. घरी सांगितलं तर आई रडली. दादा म्हणाले, "बरं केलंस." आई त्यांच्यावरही रडली.

पण झोप छान लागली.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

सभा झाली. सगळं लिहून काढते, नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी कचेरीत कुणी यायच्या आत लताबाईंना फोन लावला. म्हटलं, "तिसऱ्या लाइनीचा डबा चालू करा."

"साहेबांनी सांगितलं का?"

"नाही. मी सांगतेय."

लताबाई म्हणाल्या, "पोरगी हाय पदरात माझ्या, म्याडम. माझी बी नोकरी हाय."

"नको असेल तर करू नका. मी रागावणार नाही." खरंच रागावले नसते. पण डबा चालू झाल्याचं माझ्या मशीनवर लगेच दिसलं.

अकराला मशीनच्या खोलीतच मंडळ बसलं. अध्यक्ष चिमाजी अण्णा वडघुले, स्वतः कांदेवाले, विंचूरकडचे. बोरसे साहेबांनी पंचवीस जानेवारीचा गोंधळ रंगवून सांगितला. म्हणाले, नाशिक हे संघाचं हृदय आहे, ते बंद तर सगळं बंद, म्हणून सगळं नाशिकच्या ताब्यात असलं पाहिजे. तिसरी लाइन म्हणजे चैन.

मला बोलायला सांगितलं. मी मोठं भाषण तयार केलं होतं, ते सगळं विसरले. म्हटलं, "साहेब म्हणतात नाशिक बंद तर सगळं बंद. बंद करून बघू या." आणि सगळ्यांच्या देखत उठून आमच्या मशीनचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला. कुणीतरी "अहो, अहो," म्हणालं.

चिमाजी अण्णा म्हणाले, "आता?"

"आता तुम्ही विंचूरला फोन करा आणि नांदगावसाठी हवा तो निरोप सांगा. मला सांगू नका."

ते शेजारच्या खोलीत गेले, दार लावून विंचूरला बोलले. मग परत येऊन नांदगावला लाइटनिंग, म्हणजे सगळ्यात तातडीचा, ट्रंक कॉल लावायला सांगितला. ऑपरेटरने बराच वेळ लटकवलं. मी हातरुमालाच्या घड्या घालत बसले होते. बोरसे साहेब दोनदा म्हणाले, हा पोरखेळ आहे, जेवायला उशीर होतोय. शेवटी कॉल लागला. अण्णांनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला, म्हणून गोटीरामचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"आध्यक्ष, तुमचा निरोप आला. गोटीराम, आज डब्यात काय आणलंस, असं इचारलंय. भाकर अन् ठेचा हाय. अन् विंचूरचा आजचा भाव बी आला, फळ्यावर लावला."

हसू उसळलं. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी फोन ठेवला, काळ्या पडद्याकडे बघितलं आणि बोरसे साहेबांना विचारलं, "जयराम, तुझे मेहुणे रोज सकाळी कुठं बसतात रे?"

साहेब म्हणाले, त्याचा इथे काय संबंध. अण्णा म्हणाले, "नसंल तर चांगलंच हाय." मग हात वर करायला सांगितले. तिसरी लाइन ठेवायची, वाटाड्या ठेवायचा. एक सोडून सगळे हात वर. विंचूरचा भाव यापुढे कुणाच्या टेबलावर थांबणार नाही, हेही इतिवृत्तात लिहायला लावलं.

घरी आल्यावर दादांना म्हटलं, सगळं छान झालं, पण अण्णांनी मध्येच मेहुण्याचं काय काढलं ते कळलं नाही. दादांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बोलायची थांबले. मग हळूहळू एकेक जागेवर बसलं. टेबलावर थांबलेला कागद. शेठ उठेपर्यंत न हललेली मान. केबिनमधून शेठने केलेले फोन. नांदगावच्या आवारातले मुनीम. ठमाबाईंचा प्रश्न.

"तुम्हाला माहीत होतं?"

"संशय होता."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू भांडायला गेली असतीस चोरीवरून. पुरावा काय दिला असतास? तू वाटेवरून भांडलीस ते बरं झालं."

मी त्यांच्याशी अजून बोललेले नाही. मी रोज त्या दाराशी जाऊन उभी राहत होते, चष्म्याचे विनोद करत, आणि आत ठमाबाईंची गाडी लुटली जात होती.

२९ फेब्रुवारी

नोकरी गेली. कच्ची होती, पक्की केली नाही. "वरिष्ठांच्या लेखी व तोंडी आदेशांचे पालन न करणे." ते बोरसे साहेबांच्या अधिकारात येतं, मंडळाला विचारावं लागत नाही. चिमाजी अण्णांनी निरोप धाडला की ते बघतायत, पण वेळ लागेल. लागू दे.

निघताना साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "जाताना ते बंद कसं करायचं ते लिहून ठेवा."

"काय बंद?"

"तुमचा वाटाड्या."

"साहेब, तो कुठल्या एका जागी नाही. तिन्ही गावांत आहे. तुम्ही नाशिकचं मशीन बंद केलंत तर ती दोघं थेट बोलतील. चालू ठेवलंत तर तुम्हाला नक्कल मिळेल. तुम्हाला आवडेल ते करा."

पहिल्यांदाच ते हसले नाहीत. मी पर्स उचलली आणि नमस्कार न करता निघाले. आईला सांगताना रडू आलं. मला ती नोकरी हवी होती, ते मशीन माझं वाटत होतं. ते खोटं कशाला लिहू.

४ मार्च, शुक्रवार

घरात बसवेना. एस.टी. धरून नांदगावला गेले.

आवारात पोचले तेव्हा गाड्या यायला नुकती सुरुवात झाली होती. गोटीराम खडू घेऊन फळ्यापाशी. मला बघून गडबडला, खुर्ची आणायला निघाला, मी नको म्हटलं. फळा ओला होता, विंचूरचा आजचा भाव नुकताच लिहिलेला. कालच्यापेक्षा बराच वर. धोंडीराम शेठचे मुनीम तो मान वर करून वाचत होते आणि त्यांच्या शेजारी कमरेवर हात ठेवून ठमाबाई.

मुनीम म्हणाले, "तो विंचूरचा भाव हाय, मावशी. हितला वेगळा."

"विंचूर काय लंकेत हाय का? टेंपो भरून तिकडं नेते म्या." बाई हलल्या नाहीत. मागच्या दोन-तीन गाड्यांवरचे लोकही उतरून फळ्यापाशी आले. मुनीमांनी इकडेतिकडे बघितलं आणि बोली चढवली. बाईंनी मान हलवली नाही. त्यांनी आणखी चढवली.

मग बाईंची नजर माझ्याकडे गेली. "तू त्या दिवशीची ना? मशीनवाली? झालं गं दुरुस्त?"

"झालं. आता भाव नाशिकला न विचारता येतो."

"अन् तू? तू बी तिथंच का?"

"मला काढलं."

त्यांनी फळ्यावरच्या भावाकडे बोट केलं. "तुला काढलं, तरी ह्यो येतोय?"

"येतोय."

"अन् ह्याला काढता येतं का त्यांला?"

"नाही."

"मंग झालं तर," त्या म्हणाल्या, मुनीमांकडे वळल्या आणि आपला भाव सांगितला.